अंगावर चिंध्या, गावोगावी धर्मशाळा

रमजानमध्ये शिरगावच्या बाजारात संध्याकाळी पाचनंतर पाय ठेवायला जागा नसते. रोजा सोडण्यासाठी खजूर, फळे, भजी, सामोसे घेणारे, कामावरून लोकलने परतलेले आणि भाजी घेऊन घरी निघालेले, सगळे एकाच गर्दीत असतात. याच गर्दीत दोन प्रकारची माणसे दिसतात. एक जण पाच जणांच्या घरासाठी दहा जणांची फळे घेतो. त्यातली निम्मी दुसऱ्या दिवशी काळी पडून टाकली जातात. दुसरी एखादी बाई साधे खजूर पाव किलो घेते, कलिंगड शेजारणीबरोबर अर्धे वाटून घेते. पाठीमागून कोणी तरी तिला चिंगूस म्हणतो. तिच्या मुलाची कॉलेजची फी त्याच पैशातून भरली जाते, हे म्हणणाऱ्याला ठाऊक नसते.

कंजूष कोण आणि काटकसरी कोण, हे बाहेरून पाहून ओळखणे अवघड. दोघांचाही सदरा जुना, दोघेही रिक्षाऐवजी पायी जाणारे, दोघेही दुकानदाराशी रुपया-दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारे. इस्लाममध्ये दोन दोष वेगवेगळे सांगितले आहेत. एक इस्राफ, म्हणजे उधळपट्टी. दुसरा बुख्ल, म्हणजे देण्याची वेळ आली की मूठ आवळून धरणे. खर्चात या दोहोंच्या मधली वाट धरावी, असे कुरआन सांगतो. वाहत्या नदीकाठी वुजू करायला बसले तरी पाणी जपून वापरावे, अशीही शिकवण सांगितली जाते. मात्र मधली वाट नेमकी कुठून जाते, हे नियमापेक्षा माणसाच्या आयुष्यावरून लवकर कळते. महाराष्ट्रात त्यासाठी गाडगेबाबांसारखे आयुष्य दुसरे सापडणार नाही.

त्यांचे नाव देबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म 23 फेब्रुवारी 1876 चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परीट कुटुंबातला. घर खाऊनपिऊन सुखी होते. ते मोडले ते दारूने, आणि दारू घरात आली ती रूढीच्या दारातून. देवाला बकरे कापायचे, भाऊबंदांना मटणाचे जेवण घालायचे, सोबत दारू द्यायची, अशी जातीतली रीत होती. बारसे असो की बारावे, ती पाळली नाही तर नाक कापले जायचे. पाहुण्यांच्या आग्रहाने झिंगराजी प्याले, मग त्यांना सवय लागली आणि एकेक करून सगळे गेले. देबू आठेक वर्षांचा असताना वडील वारले. आई सखुबाई त्याला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला माहेरी आली.

दापुऱ्याला देबू गुरे राखत, शेतात राबत वाढला. शाळा पाहिली नाही. मामा चंद्रभान कष्टाळू, गावात मान असलेले, पण अक्षरशत्रू. त्यांनी सावकाराशी जमिनीचा व्यवहार केला आणि हप्ते भरत राहिले. भरलेल्या पैशाची पावती मागायची असते, हे त्यांना ठाऊक नव्हते किंवा मागायचा संकोच वाटला. पैसे जात राहिले आणि कागदावर कर्ज वाढत राहिले. एक दिवस जमीन सावकाराची झाल्याचे कळले. त्या धक्क्याने मामा गेले. शेताचा ताबा घ्यायला माणसे आली तेव्हा तरुण देबूजी नांगर सोडून हलला नाही. आलेल्यांना त्या दिवशी परत जावे लागले.

या दोन मरणांचा हिशेब देबूजींच्या मनात कायमचा बसला असावा. वडील रिकाम्या मानपानात गेले, मामा कर्ज आणि निरक्षरतेत. पुढे पन्नास वर्षे गावोगावच्या कीर्तनांत ते जे बोलत राहिले, त्याचा मोठा भाग या दोन घरगुती घटनांचाच विस्तार आहे. पुस्तकातून घेतलेले त्यात फार थोडे.

1892 मध्ये कुंताबाईंशी त्यांचे लग्न झाले. पहिली मुलगी झाली, बारसे आले. भाऊबंद जमले ते नेहमीच्या अपेक्षेने. पानात मटण नव्हते, दारूचा थेंब नव्हता. बुंदीचे लाडू होते. जमलेल्यांना ते लागले. देबूजी कंजूष निघाला, चार पैसे वाचवायला जातीची रीत मोडली, असा बोभाटा झाला असणार हे आजच्या माणसालाही कळेल. आजही लग्नाच्या हॉलमध्ये ताटातला एक पदार्थ कमी झाला तरी मागे कुजबुज होतेच. पण देबूजींनी पाहुण्यांना उपाशी पाठवले नव्हते. पोटभर गोड जेवण दिले. ज्या रुपयाने बापाचा जीव घेतला, तेवढा रुपया त्यांनी खर्च केला नाही.

1 फेब्रुवारी 1905 च्या पहाटे ते घर सोडून निघाले. तेव्हा ते एकोणतिशीच्या उंबरठ्यावर होते. अंगावर जीर्ण कपडे, हातात काठी आणि एक मातीचे गाडगे. पुढची बारा वर्षे ते अनवाणी, अनोळखी माणूस म्हणून फिरत राहिले. कपडा फाटला की त्याला दुसऱ्या रंगाचे ठिगळ लागायचे आणि शेवटी मूळ कपडा कोणता हे सांगता येऊ नये, असा ठिगळांचाच सदरा झाला. कोणी त्यांना गोधडे महाराज म्हणू लागले, कोणी गाडगेबाबा. ते गाडगे पाणी प्यायला, भाकरी घ्यायला आणि त्यातच खायला. उन्हात डोक्यावर पालथे घातले की टोपी.

भाकरी मागण्याची त्यांची रीतही वेगळी होती. गावात शिरले की आधी खराटा हाती. रस्ता झाडायचा, गटार मोकळे करायचे, कोणाची लाकडे फोडून द्यायची, आणि मग भाकरी घ्यायची. फुकट मिळालेली भाकरी त्यांना चालत नसे. गोडधोड वाढले तर ते दुसऱ्याच्या ताटात जायचे. गावाने मोठा भंडारा घातला, त्यांच्याच सांगण्यावरून शेकडो गोरगरीब जेवायला बसले, तरी ते स्वतः पंगतीत बसत नसत. शेजारच्या वस्तीतून शिळी भाकरी, चटणी मागून आणायचे आणि कुठे तरी बाजूला बसून खायचे.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की हा झाला विरक्त साधूचा कडकडीत नेम. संसारी माणसाच्या काटकसरीशी त्याचा काय संबंध? संबंध पुढे येतो.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. तिथे यात्रा भरते. नदीचा काठ उंच आणि चिखलाचा. म्हातारी माणसे, बायका, पाण्याची घागर घेऊन चढणारी पोरे घसरून पडायची. कर्जाने घर मोडलेल्या या माणसाचे पहिले मोठे काम कर्जमुक्तीचे नाव असलेल्या गावात उभे राहिले. बाबांनी स्वतः कुदळ घेतली, बघणारे लोक हाताशी आले आणि नदीला घाट बांधला गेला. त्याच यात्रेत अंध, पांगळे, महारोगी यांना जेवण आणि कपडे वाटण्याची प्रथा त्यांनी सुरू केली. स्वतःच्या अंगावर ठिगळे असलेला माणूस नवे कापड गाठोड्यांनी वाटत होता.

मग पंढरपूर. आषाढी-कार्तिकीला लाखो वारकरी यायचे, पण अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना कोणी ओसरीत उतरू देत नसे. ते पावसात, वाळवंटात राहायचे. 1920 च्या आसपास बाबांनी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर इथे धर्मशाळा झाल्या. अनेक ठिकाणी अन्नछत्रे, गोरक्षण, शाळा, वसतिगृहे झाली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. खेड्यातून आजारी माणसाला घेऊन आलेली बाई मुंबईत रात्री कुठे झोपते, हा प्रश्न त्या काळात किती जणांना पडला असेल?

एवढा पैसा कुठून आला? कीर्तनातून. पण तो बाबांच्या हातातून गेला नाही. ते स्वतःजवळ पैसा ठेवत नसत. देणगी संस्थेकडे जायची, हिशेब विश्वस्तांकडे असायचा. पायावर डोके ठेवायला येणाऱ्याला ते काठी उगारून पळवून लावत, हाराच्या भानगडीत पडत नसत. हारावर खर्च करायचा तो पैसा धर्मशाळेच्या विटेत घालावा, हा त्यामागचा सरळ हिशेब. 8 फेब्रुवारी 1952 रोजी या सगळ्या कामांसाठी श्री गाडगे महाराज मिशन स्थापन झाले.

त्यांची कीर्तने म्हणजे श्रोत्यांची उलटतपासणीच असायची. वऱ्हाडी बोलीत ते प्रश्न विचारायचे आणि हजारो लोक एका सुरात उत्तर द्यायचे. हसता हसता माणसाला आपलीच चूक आपल्या तोंडाने कबूल करावी लागायची. विषय ठरलेले. कर्ज काढून लग्न करू नका, कर्ज काढून तेरावे घालू नका. देवाच्या नावाने मुके जनावर कापू नका, दारूला शिवू नका, शिवाशीव पाळू नका. त्यातच त्यांचा खर्चाचा हिशेब यायचा आणि तो फार बारकाईचा होता. जेवणाची ताटे विकावी लागली तरी चालेल, हातावर भाकरी घेऊन खा; बायकोला भारी लुगडे घेऊ नका, हलके घ्या; पाहुणा आला तर साधे जेवण घाला; मोडक्या घरात राहा. आणि या सगळ्यातून जे वाचेल ते मुलाच्या शाळेत घाला. मुलाला शिकवल्याशिवाय राहू नका, हे सांगताना ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण द्यायचे.

कंजूष माणूस या यादीतला अर्धा भाग आनंदाने पाळेल. लुगडे हलके घेईल, पाहुण्याला चहावर वाटेला लावील. शाळेच्या फीपाशी आला की थांबेल. मुलगा कामाला लागला तर दोन पैसे येतील, असे म्हणेल. बाबांच्या यादीत मात्र शाळेपाशी आल्यावर काटकसर संपते. तिथे ताट विकायचे आहे. स्वतः एक अक्षर न शिकलेल्या या माणसाने कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कामाला पाठबळ दिले. भाऊरावांनी 1954 मध्ये कराडला काढलेल्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. 1949 मध्ये चोखामेळा धर्मशाळा बाबांनी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. इतक्या कष्टाने उभारलेली वास्तू शिक्षणासाठी देताना हात आखडता घेतला नाही.

रमजानच्या संदर्भात इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुस्लिम घरांत या महिन्यात जकातीचा हिशेब होतो. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अथवा तेवढ्या किमतीची शिल्लक वर्षभर राहिली असेल तर तिचा अडीच टक्के भाग गरजूंचा. जकात कमाईवर लागत नाही, शिल्लकीवर लागते. म्हणजे वर्षभर जपून खर्च केला त्याच्याच दारात गरिबाचा हक्क येऊन उभा राहतो. सगळे उडवून मोकळा झालेला जकातीतूनही मोकळा. आणि जकात ज्यांना द्यायची त्यांच्यात कर्जात बुडालेला माणूस आवर्जून मोजला आहे. चंद्रभानमामांसारखा. बाबांवर जकातीची वेळ कधी आलीच नसती, कारण त्यांची शिल्लक शून्य होती. ते उलट्या टोकाला उभे होते: लोकांच्या हलक्या लुगड्यातून आणि न घातलेल्या तेराव्यातून जे वाचायचे, ते गोळा करून धर्मशाळेत घालणारे.

पण त्यांच्या आयुष्यात एक जागा अशी आहे, जिथे वाचणारा अडखळतो. ती त्यांचे घर.

1905 मध्ये ते निघाले तेव्हा मागे म्हातारी आई होती, बायको होती, लहान मुले होती. त्यांनी कष्टाने दिवस काढले. पुढे बाबांचे नाव झाले, लाखोंची कामे उभी राहिली, तरी घरच्यांच्या वाट्याला झोपडीच होती. अन्नछत्रात हजारो जेवायचे. तिथे आपल्या घरच्या माणसांनी जेवायचे नाही, असा बाबांचा कडक नियम. ते अन्न लोकांनी गरिबांसाठी दिलेले आहे, गाडगेबाबाच्या बायकोसाठी नाही. संस्थांच्या कारभारातही आपल्या नात्यागोत्याला हक्क राहू नये, अशी दक्षता त्यांनी घेतली. 1923 मध्ये कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही.

याला काय म्हणावे? सार्वजनिक पैशाचा एक घास घरात येऊ न देणे ही सचोटी, यात वाद नाही. आजच्या काळात तर ती गोष्ट कपाटात जपून ठेवावी अशी आहे. संस्था वडिलांनी काढावी आणि मुलांनी ती सात-बाऱ्यासारखी वाटून घ्यावी, हे आपण सगळीकडे पाहतो. पण सार्वजनिक पैसा न देणे वेगळे आणि स्वतःच्या कमाईचा, स्वतःच्या सोबतीचा वाटाच न देणे वेगळे. इस्लामच्या शिकवणीत बायकामुलांवरचा खर्च हा पहिला हक्क मानला आहे. त्यांच्या तोंडी घातलेला घासही दानात धरला जातो. बाहेर दानशूर आणि घरात हात आवळलेला, अशी माणसे प्रत्येक मोहल्ल्यात आणि प्रत्येक आळीत असतात, म्हणून हा हक्क मुद्दाम सांगावा लागला. त्या मापाने कुंताबाईंचे पारडे हलके राहिले, हे मान्य करावे लागते. बाबांना थोर म्हणण्यासाठी ते झाकायची गरज नाही. इतके मात्र खरे की घरच्यांना नाकारले ते त्यांनी स्वतःसाठीही ठेवले नाही. झोपडी त्यांच्याही वाट्याला नव्हती.

आणि कुंताबाईंचे काय, त्यांना काय वाटले, याची नोंद कोणी फारशी ठेवलेली नाही. प्रबोधनकार ठाकरे यांनी 1952 मध्ये बाबांचे चरित्र लिहिले, ते अनेकांनी वाचले. ज्या बाईने पोरे वाढवली, सासूला सांभाळले आणि अन्नछत्राच्या दारावरून उपाशी परत जायचा नियम पाळला, तिच्या नावाने मात्र स्वतंत्र चरित्र कोणाच्या घरी दिसत नाही. घराघरात काटकसर बहुतेक वेळा बाईच करते आणि नाव दुसऱ्याचे होते, हे शिरगावच्या बाजारातल्या त्या अर्ध्या कलिंगडावरूनही कळते.

शेवटच्या वर्षांत बाबांची प्रकृती ढासळली होती. मधुमेहाने पोखरले होते, तरी पाय थांबत नव्हते. 8 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित झाले म्हणून त्यांचा आवाज आज ऐकायला मिळतो. थकलेला, पण मधेच टोमणा मारून लोकांना हसवणारा आवाज. देव, दारू, कर्ज, शाळा, विषय तेच. 6 डिसेंबरला आंबेडकर गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाच्या परिसरात बाबांनी वाटेतच प्राण सोडला. अमरावतीला त्यांची समाधी आहे, तिथल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

वारसांना वाटून घेण्यासारखे मागे काही नव्हते. गाडगे, काठी, गोधडी.

त्यांच्या मागे मिशनने मुंबईत दादरलाही धर्मशाळा उभारली. टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे नाममात्र खर्चात राहतात. बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून, काखोटीला रिपोर्टची फाइल लावून परळला जाणाऱ्यांना रोज घरी परतता येते. लातूर, बुलढाणा, रत्नागिरीहून आलेल्यांना ते शक्य नसते. महिना-दोन महिने उपचार चालतात. रमजानमध्ये त्यांच्यातला कोणी रोजा ठेवतो, कोणाचा एकादशीचा उपास असतो. खोली देताना तिथे आजाराचा कागद पाहतात, जात-धर्म विचारत नाहीत.